फ्लाविन्यीच्या गोळ्यांचा कारखाना पाहायला जाताना

फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतात, दिजाँ शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर, टेकडीच्या माथ्यावर फ्लाविन्यी-स्युर-ओझरँ नावाचं दगडी गाव आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. तटबंदी, दोन जुने दरवाजे, फरसबंद गल्ल्या, आणि गावाच्या एका टोकाला एक जुना मठ. त्या मठात 'आनिस द फ्लाविन्यी' या छोट्या पांढऱ्या गोळ्या बनतात. मधोमध बडीशेपेच्या कुळातल्या अनिसचं एक बी आणि त्याभोवती साखरेचे थरांवर थर, एवढाच मामला. पण हा मामला समोर घडताना पाहायचा असेल, तर थोडी आखणी करावी लागते. ती केली नाही तर दुकानातल्या डब्या तेवढ्या पाहून परतावं लागतं.

म्हणून आधी वार ठरवा, मग वेळ, आणि त्याभोवती बाकीचा प्रवास बसवा. आपल्याकडचे बहुतेक प्रवासी याच्या बरोबर उलटं करतात. पॅरिस आणि स्वित्झर्लंड आधी पक्कं होतं, मधल्या रिकाम्या शनिवारी दुपारी हे गाव कोंबलं जातं. शनिवारी दुपारी गाव सुंदरच दिसतं, पण यंत्रं बंद असतात.

वार आणि वेळ

हा खराखुरा चालता कारखाना आहे, पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे. त्यामुळे कामगारांच्या कामाच्या वेळा त्याच तुमच्या पाहण्याच्या वेळा. सोमवार ते शुक्रवारपैकी एखादा दिवस धरा आणि सकाळीच पोचा. साडेअकराला पोचून 'अजून जेवायला वेळ आहे' असं म्हणणं इथे उपयोगाचं नाही. दुपारी बारा ते दोन हा फ्रान्सच्या खेड्यापाड्यांत जेवणाचा वेळ असतो आणि त्या वेळेत पोस्टापासून दुकानापर्यंत बरंच काही बंद असतं.

सुट्ट्याही बघून घ्या. १ मे, १४ जुलै, १५ ऑगस्ट, १ नोव्हेंबर, ११ नोव्हेंबर हे राष्ट्रीय सुट्टीचे दिवस आहेत. १ मेच्या आगेमागे तर ८ मेची सुट्टी आणि धार्मिक सणांच्या सुट्ट्या अशा येतात की अख्खा आठवडा पोकळ होतो. ऑगस्टमध्ये फ्रान्समधले अनेक कारखाने वार्षिक सुट्टीवर जातात, तेव्हा आपल्या शाळांच्या गणपतीच्या सुट्टीला जोडून जाण्याचा बेत असेल तर कारखान्याच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका. माझं मत विचाराल तर मे अखेर ते जून किंवा सप्टेंबर. हवा चांगली, दिवस मोठा, आणि शाळा सुरू असल्यामुळे गर्दीही बेताची.

पोचायचं कसं

व्हिसाचं थोडक्यात: भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात भेटीच्या तारखा पटापट भरतात, त्यामुळे १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका.

गावात रेल्वे येत नाही. जवळचं स्थानक ले लोम-आलेझिया. दिजाँहून तिथे प्रादेशिक गाड्या येतात आणि स्थानकापासून गाव साधारण ८ किलोमीटर. पॅरिसहून येणाऱ्यांना गार द लियों स्थानकावरून मोंबारपर्यंत वेगवान टीजीव्ही मिळते, वेळ तासाभराचा. मात्र मोंबारला सगळ्या टीजीव्ही थांबत नाहीत. दिवसभरात थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून जाण्याचं तिकीट काढतानाच परतीचीही गाडी पक्की करा.

स्थानकाच्या बाहेर टॅक्सी रांगेत उभ्या असतील ही मुंबई-पुण्याची सवय इथे विसरा. टॅक्सी आदल्या दिवशी फोन करून ठरवावी लागते आणि परत न्यायला किती वाजता यायचं हेही तेव्हाच सांगावं लागतं. फ्रेंच येत नसेल तर जिथे मुक्काम आहे त्या घरमालकांना किंवा हॉटेलातल्या माणसाला फोन करायला सांगा. ते आनंदाने करतात.

चौघं-पाच जण असाल तर भाड्याची गाडी सगळ्यात सोयीची. दिजाँहून ए-३८ या टोल नसलेल्या रस्त्याने सोंबेर्नोंपर्यंत आणि पुढे डी-९०५ ने व्हितोवरून येता येतं. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातूनच काढून न्या. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आणि शेवटचा चढ अरुंद वळणांचा आहे, हे ध्यानात ठेवून चालवणारा माणूस निवडा. गाडी तटबंदीच्या बाहेरच लावा. आतल्या गल्ल्यांत समोरून ट्रॅक्टर आला की कुणालातरी मागे जावं लागतं, आणि तो 'कुणीतरी' बहुधा पाहुणाच असतो.

सकाळी वेळेत पोचायचं तर आदली रात्र जवळपास काढलेली बरी. फ्लाविन्यीत घरगुती मुक्कामाच्या थोड्या खोल्या मिळतात. त्या भरल्या असतील तर सम्यूर-आँ-ओस्वा हे नदीच्या वळणावर वसलेलं, चार गोल बुरुजांचं गाव जवळ आहे, नाहीतर मोंबार. पॅरिसहून पहाटे निघून त्याच दिवशी परतणं जमतं, पण एक गाडी चुकली की दिवस गेला.

दोन मठांचा घोटाळा

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. गावात मठ दोन आहेत. सँ-जोझेफ द क्लेर्व्हाल या मठात आजही बेनेडिक्टाइन संन्यासी राहतात आणि प्रार्थना गातात. गोळ्यांचा कारखाना तिथे नाही. तो आहे सँ-प्येर मठात. आठव्या शतकाच्या सुरुवातीला स्थापन झालेला हा मठ फ्रेंच राज्यक्रांतीनंतर संन्याशांच्या हातून गेला, आणि पुढे त्याच्या इमारतींत गोळ्या बनवणारे आले. तेव्हा पाटी वाचताना नुसतं 'आबेई' (म्हणजे मठ) पाहून आत शिरू नका, 'सँ-प्येर' आणि 'आनिस' शोधा. सकाळच्या वेळी वाऱ्याची दिशा बरी असेल तर नाकही वाट दाखवतं.

दारातून आत जाताना 'बोंझूर मादाम' किंवा 'बोंझूर मस्य' म्हणा, मग पुढचं बोला. हे शिष्टाचाराचं पुस्तकी कलम नाही. फ्रान्समध्ये नमस्कार न करता थेट प्रश्न विचारणं हा उद्धटपणा समजतात, आणि 'फ्रेंच लोक तुसडे असतात' या आपल्याकडच्या तक्रारीचं निम्मं मूळ तिथेच आहे. निघताना 'मेर्सी, ओ रव्वार'. एवढ्या भांडवलावर दिवस नीट जातो.

आत काय पाहायचं

आत गेल्यावर लक्ष आधी वेधून घेतात ती मोठी, गोल पोटाची, तिरकी बसवलेली आणि सतत फिरणारी भांडी. तिथे दहा मिनिटं एकाच जागी उभे राहा. बहुतेक लोक एक फोटो काढून पुढे सरकतात आणि म्हणून त्यांना 'गोळ्या फिरत होत्या' एवढंच आठवतं.

सुरुवातीला भांड्यात नुसतं अनिसचं बी असतं. लांबट, सुमारे २ मिलिग्रॅम वजनाचं. भांडं फिरतं, बिया एकमेकींवर घरंगळत राहतात. त्यावर साखरेचा पाक थोडासा सोडतात. बिया ओल्या होतात, क्षणभर घोळक्याने चिकटतात, भांड्याच्या फिरण्याने पुन्हा सुट्या होतात, आणि वाळतात. प्रत्येकीवर साखरेचा अतिशय पातळ पापुद्रा बसलेला असतो. मग पुन्हा पाक, पुन्हा वाळवण. हे असं सुमारे १५ दिवस चालतं. शेवटी वाटाण्याएवढी, साधारण १ ग्रॅमची गोळी तयार होते.

संक्रांतीला काटेरी हलवा करताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे काम लगेच ओळखीचं वाटेल. शेगडीवर परात, परातीत तीळ किंवा खसखस, चमच्याने सोडलेले पाकाचे थेंब, आणि बोटांनी न थांबता केलेली हालचाल. बीज तेच: दाणा, पाक, धग आणि धीर. फरक शेवटाला पडतो. हलव्यात मंद आचेवर, हलक्या हाताने काटा फुलवायचा असतो. तो जपण्यातच करणारीचं कसब. इथे शेकडो किलो गोळ्या एकमेकींवर घासत फिरतात, त्यामुळे उंचवटा उठला की घासून जातो आणि पृष्ठभाग गुळगुळीत होत जातो. एकीकडे काटा यावा म्हणून खटपट, दुसरीकडे तो येऊ नये म्हणून.

पंधरा दिवस का लागतात, हा प्रश्न मुलं विचारतातच. त्याचं उत्तर समोरच्या भांड्यात असतं. एकदम जास्त पाक ओतला तर दोन-दोन, तीन-तीन बिया कायमच्या चिकटतील. नीट वाळू न देता पुढचा थर दिला तर ओल आत कोंडली जाईल. घाई केली तर गोळी होईल, पण एकसारखी होणार नाही.

आणखी एक हिशेब, मला तरी फार आवडणारा. २ मिलिग्रॅमचं बी १ ग्रॅमचं होतं म्हणजे वजन ५०० पट वाढतं. पण गोलाचा व्यास मात्र आठेक पटच वाढतो. शिवाय गोळी जसजशी मोठी होते तसतसा तिचा पृष्ठभाग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच पाकाचा थर शेवटी शेवटी आणखी पातळ बसतो. पहिल्या दिवसांत डोळ्यांना वाढ दिसते, नंतर साखर भरपूर जाते आणि वाढ जाणवतही नाही. म्हणून एकाच भांड्यावर डोळे लावून बसू नका. वेगवेगळ्या भांड्यांत वेगवेगळ्या वयाच्या गोळ्या असतात. दोन भांड्यांची तुलना केली की मधला आठवडा आपोआप कळतो.

आवाजाकडेही लक्ष द्या. लहान गोळ्यांची भांडी वाळू सरकावी तशी सळसळतात, मोठ्या गोळ्यांचा खडखडाट असतो. कारागीर नुसतं बघत नाहीत, ऐकतात, आणि मूठभर गोळ्या हातात घेऊन ओल जोखतात. त्या वेळी मधेच प्रश्न विचारू नका. पाक सोडून झाल्यावर माणूस मोकळा होतो, तेव्हा विचारा.

भांड्यांत हात घालायचा नाही, आखून दिलेली जागा ओलांडायची नाही, हे सांगायला नको. फोटो काढण्याआधी कॅमेरा दाखवून 'फोतो?' एवढं विचारलं तरी पुरतं. कामगारांचे चेहरे जवळून टिपायचे असतील तर परवानगी घ्याच.

तिथे मांडलेला इतिहासही वाचण्यासारखा आहे. फ्लाविन्यीच्या अनिसचा लेखी उल्लेख १५९१ पर्यंत मागे नेला जातो. त्या काळी साखर घोळवलेलं बी ही पाचक म्हणून जेवणानंतर घ्यायची चीज होती. गावात कधीकाळी गोळ्या बनवणारे बरेच होते. १९२३ पासून हा व्यवसाय त्रुबा कुटुंबाकडे आहे. पॅरिसच्या मेट्रो स्थानकांवर नाणं टाकून डबी काढायची यंत्रं बसवून याच कुटुंबाने ही खेड्यातली गोळी राजधानीत पोचवली. डबीवरचं मेंढपाळ आणि त्याच्या प्रेयसीचं चित्र तेव्हापासून अनेक फ्रेंच आजी-आजोबांच्या ओळखीचं आहे. सीझरच्या सैन्याने हे बी इकडे आणलं अशी कथाही ऐकायला मिळेल. ती कथा म्हणूनच ऐका.

कारखाना पाहून झाला की त्याच मठाच्या आवारातलं तळघर चुकवू नका. कॅरोलिंजियन काळातलं, म्हणजे हजार वर्षांहून जुनं. ८६४ साली संत रेन हिचे अवशेष या मठात आणले गेले, आणि त्यानंतर इथे यात्रेकरूंची रीघ लागली. अंधार असतो आणि उन्हाळ्यातही गारवा. पायऱ्या झिजलेल्या आहेत, आजी-आजोबांचा हात धरा.

खरेदी

दुकान शेवटी ठेवा. आधी शिरलात तर वेळ तिथेच जातो आणि भांडी बंद होतात.

स्वादांमध्ये मूळचा अनिस, शिवाय गुलाब, व्हायोलेट, संत्र्याची फुलं, पुदिना, ज्येष्ठमध, चमेली असे बरेच आहेत. एकच घ्यायचा असेल तर माझं मत संत्र्याच्या फुलांना. व्हायोलेट आपल्या जिभेला पहिल्यांदा अत्तर खाल्ल्यासारखं लागतं. ज्यांना विड्यातला गुलकंद आवडतो त्यांनी गुलाब घ्यावा. बी सगळ्यांच्या मधोमध अनिसचंच असतं, त्यामुळे कुठलाही स्वाद घेतला तरी शेवट तोच.

लंबगोल पत्र्याची डबी ५० ग्रॅमची असते, म्हणजे आत साधारण पन्नास गोळ्या. वाटायला या डब्या उत्तम. घरी खायला मोठी पुडकी घेतलेली परवडतात, डबीचे पैसे वाचतात.

शाकाहारी लोकांचा नेहमीचा प्रश्न: या गोळ्यांत साखर, अनिसचं बी आणि नैसर्गिक स्वाद असतात, जिलेटिन नसतं. हे मुद्दाम सांगतो, कारण फ्रान्समधल्या मऊ, रबरासारख्या बऱ्याच मिठायांत ते असतं आणि ते बहुधा डुकराचं. दुसरीकडे कुठे मिठाई घेताना पाकिटावर 'जेलातीन' शब्द आहे का ते बघा.

गोळी चावायची नाही. दात दुखेल आणि पंधरा दिवसांची मेहनत दोन सेकंदांत संपेल. जिभेवर ठेवा, आपोआप विरघळू द्या, थर उतरत उतरत शेवटी बी हाती लागतं आणि ते चावायचं. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र देऊ नका. गोळी कडक आणि गोल आहे, घशात अडकू शकते.

जेवण आणि उरलेला दिवस

शाकाहाऱ्यांनी जेवणाची सोय स्वतः केलेली बरी. या भागातली ख्याती आहे ती गोमांसाच्या रश्श्याची, गोगलगायींची आणि एप्वास नावाच्या उग्र वासाच्या चीझची. चीझमध्ये दूध गोठवण्यासाठी प्राण्याच्या जठरातलं रेनेट असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. अंडं आणि चीझ चालत असेल तर गूझेर हे चीझचे फुगीर गोळे कुठल्याही पावाच्या दुकानात मिळतात. नाहीतर पाव, फळं, सोबत आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन तटबंदीवर बसावं. खाली दरी, समोर टेकड्या, आणि कागद मात्र परत पिशवीत.

गाव पायी दोन तासांत होतं. पोर्त द्यु बूर्ग आणि पोर्त द्यु व्हाल हे दोन दरवाजे, सँ-जने चर्च, आणि कोपऱ्याकोपऱ्यावरचे दगडी जिने. एका गाजलेल्या चित्रपटातलं चॉकलेटचं दुकान याच गावात उभं केलं होतं, त्यामुळे अजूनही लोक चॉकलेट विचारत येतात. ते दुकान सेट होता. फरसबंदीवर चाकांची बॅग आणि बाबागाडी दोन्ही रडवतात. चपटे, पकड असलेले बूट घाला.

गाडी असेल तर दुपारी आलीझ-सँत-रेनला जा, काही किलोमीटरच आहे. इ. स. पूर्व ५२ मध्ये रोमन सेनापती सीझरने गॉल लोकांचा सरदार व्हेर्सिंजेतोरिक्स याला वेढा घालून हरवलं ते आलेझिया हेच मानलं जातं. तिथे मोठं संग्रहालय आहे आणि टेकडीवर तिसऱ्या नेपोलियनने १८६५ मध्ये उभारलेला व्हेर्सिंजेतोरिक्सचा पुतळा. पुतळ्याचा चेहरा खुद्द बादशहाशी मिळताजुळता आहे असं म्हणतात. फोंतनेचा मठही जवळ, १९८१ पासून जागतिक वारसा यादीत. दोन्ही एका दुपारी कोंबू नका. मुलं सोबत असतील तर आलेझिया, शांतता हवी असेल तर फोंतने.

परतीचं सामान

कडक गोळ्या विमानात हातातल्या बॅगेतही चालतात. पण डब्या भरपूर असतील तर सुरक्षा तपासणीत बॅग उघडायला सांगतात, म्हणून त्या वरच ठेवा. पत्र्याच्या डब्या चेक-इन बॅगेत घालत असाल तर कपड्यांत गुंडाळा, नाहीतर झाकणं चेपतात.

घरी आल्यावर खरा शत्रू पाऊस. फ्रान्सच्या कोरड्या हवेत वर्षभर टिकणारी गोळी कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये उघडी राहिली तर दोन दिवसांत चिकट होते. पुडकं फोडलं की गोळ्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर त्यांच्यावर दव धरतं. आणि वेगवेगळे स्वाद एकाच बरणीत ओतू नका, आठवडाभरात पुदिना बाकी सगळ्यांना खाऊन टाकतो.